तीस घोटांची बाटली

जगातली निम्मी रोगराई, बरीचशी भांडणं आणि एकूणच माणसाची अधोगती या सगळ्यांचं मूळ माणूस पाणी कसा पितो यात आहे, असं ठाम मत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला आम्ही आमची बहीण दिली आहे. देताना हे माहीत नव्हतं. बघायच्या कार्यक्रमात मुलानं पोह्यांच्या बशीला हात लावला नाही. पाणी मात्र तांब्या वीतभर उंच धरून, मान मागं टाकून, गळ्याची घाटीही न हलवता आणि एक थेंब न सांडता प्यालं. तेव्हा आमचे वडील कौतुकानं आतल्या खोलीत येऊन म्हणाले होते, "पोरगं शिस्तीचं हाय." त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. शिस्त आहे, यात वाद नाही.

हे माझे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान. मुरुमला असतात. तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं कंपाउंडरकी केली. डॉक्टर नाडी बघायचे आणि औषध दाजी द्यायचे, पण गावाचा खरा भरवसा होता तो दाजींच्या हातावर. तेव्हा लाल पातळ औषध मिळायचं आणि बाटली पेशंटनं घरून आणायची. दाजी त्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. शेवटच्या खाचेचं औषध संपलं की बाटलीच्या तळाशी थेंबसुद्धा उरायचा नाही, इतका त्यांचा अंदाज पक्का. पण बाटल्यांनी त्यांना फार छळलं. मुरुमच्या बाजारात जे जे पातळ विकलं जातं, ते ते ज्या बाटलीत राहून गेलंय, ती बाटली शेवटी त्यांच्या खिडकीत येऊन उभी राहायची. "हिच्यात पैलं काय हुतं?" दाजी विचारायचे. "चांगली हाय की दादा, धुतलीया," बाई म्हणायची. "ते न्हाय. पैलं काय हुतं?" "पैलं म्हंजी कवा? काल रॉकेल हुतं. परवा आमच्या मालकाची हुती."

अशाच एका बाटलीत आत काय चिकटलंय हे बघायला दाजींनी बोट घातलं आणि ते अडकलं. अर्धा दिवस त्यांनी दवाखाना डाव्या हातानं चालवला. उजव्या हाताच्या बोटाला बाटली लटकलेली. डॉक्टर म्हणाले, फोडून टाकू. दाजी म्हणाले, "कशी फोडायची? पेशंटची हाय." शेवटी एरंडेल ओतल्यावर बोट निघालं, पण जाताना एक सिद्धांत देऊन गेलं. तो दाजी आजही पाहुण्यारावळ्यांना ऐकवतात. "ज्या बाटलीत हात जात न्हाय, ती बाटली न्हवं, बीळ हाय. आत कोण ऱ्हातंय कुणाला म्हाईत?"

त्यांच्या घरात भांड्याला तोंड लावणं हा गुन्हा आहे. उष्टं हा शब्द आपणही वापरतो, पण आपण तो नाक मुरडून वापरतो. दाजी तो पोलिसाच्या आवाजात वापरतात. नवं माणूस घरी आलं की त्याला पाणी द्यायच्या आधी दाजी त्याच्या खांद्यावर पंचा टाकतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, मेव्हण्याचा मान करतायत. मी ऐटीत तांब्या वर धरला, मान मागं टाकली, आणि निम्मं पाणी नाकात, निम्मं नव्या बुशशर्टात. पंचा कशासाठी होता ते तेव्हा कळलं. दाजी शेजारी उभे राहून शांतपणे सांगत होते, "घाटी उघडी ठिवा, पाव्हणं. पाणी आपणहून जातंय. तुमी मधीमधी करू नका." मी बेचाळीस वर्षं मधेमधे करतोच आहे. दाजी मात्र एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून, गाडी खड्ड्यातून उडत असताना वरून पाणी पितात, आणि कंडक्टर तिकीट फाडायचं थांबवून बघत राहतो.

एकदा आम्ही सगळे येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्याला गेलो होतो. दर्शन झाल्यावर फाट्यावरच्या हॉटेलात चहाला बसलो. वेटरनं पाण्याचे चार ग्लास एका हातात आणले, प्रत्येक ग्लासात एकेक बोट बुडवून. मी डोळे मिटले, कारण आता काय होणार ते मला ठाऊक होतं. दाजींनी आधी ग्लासांकडं बघितलं, मग त्या हाताकडं, आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, "मालक, चार गिलासात चार बोटं आली. अंगठ्यानं काय गुन्हा केलाय?" वेटर तिथलाच पाणी प्यालेला. तो म्हणाला, "अंगठा चहात हाय. आणायलोय की."

अशा माणसाच्या घरी आमची अक्का पडली. आमच्या सबंध घराण्याच्या वाट्याची तहान देवानं तिला एकटीला दिली असावी. वरून प्यायचा नियम तिनं कधी मोडला नाही, पण तिचं पिणं म्हणजे घटाघटा आवाज, एका दमात तांब्या रिकामा, आणि मग एक लांबलचक 'हाऽऽ'. तो 'हाऽऽ' शेजारच्या घरात ऐकू जायचा. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि मला अक्कानंच वाढवलं. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन. ती रानातून आली, रांजणापाशी उभी राहून तिनं तांब्या रिकामा केला आणि 'हाऽऽ' म्हणाली, की मला वाटायचं, आता घरात सगळे आहेत.

लग्नात नवरानवरीनं एकमेकांना घास भरवायची वेळ आली, तेव्हा दाजींनी लाडूचा तुकडा अक्काच्या तोंडात वरून सोडला होता. दाजींच्या भावकीतल्या बायका ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना हात किती उंच होता तेही दाखवतात. दर वर्षी तो हात थोडा आणखी वर जातो. पण खोटं नाही. संसाराच्या पहिल्या चाळीस वर्षांत या दोघांनी एका भांड्याला कधी तोंड लावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्काचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालली तरी धाप लागायची. मुलं पुण्याला, म्हणून मी धाराशिवाहून आलो आणि आम्ही तिला सोलापूरला नेलं. डॉक्टर भले होते, त्यांनी नीट समजावून सांगितलं. हृदय थकलंय. प्यालेलं पाणी अंगात साठतं, पायात उतरतं, आणि असंच चाललं तर एक दिवस छातीत चढेल. गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं, आणि शेवटी म्हणाले, "दिवसाला एक लिटर. चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचं पाणी, सगळं धरून. आणि रोज सकाळी वजन करायचं. वजन चढलं म्हणजे पाणी चढलं." अक्का म्हणाली, "डाक्टर, एक लिटरची तर म्या चूळ भरती." डॉक्टर हसले, मीही हसलो. दाजी हसले नाहीत. येताना गाडी अणदूरला थांबली, तेव्हा अक्कानं सवयीनं पिशवीतली बाटली काढून वर धरली. दाजींनी तिचा हात धरला. भर स्टँडवर, लोकांदेखत, त्यांनी तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मुरुमला उतरल्यावर दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, डोस ठरलाय. आता बाटली पायजे."

दुसरा एखादा नवरा बायकोला बजावून मोकळा झाला असता. पण दाजींचा माणसाच्या निग्रहावर विश्वास नाही. ते म्हणतात, पस्तीस वर्षांत एकाही पेशंटनं सांगितल्याप्रमाणं औषध घेतलं नाही. जे बरे झाले ते खाचांमुळं झाले. त्यांनी मागच्या खोलीत कारखाना मांडला. पहिली बाटली प्लॅस्टिकची केली. तिला दोन दिवसांत वास आला, म्हणजे एकट्या दाजींना आला. दुसरी तांब्याची, तिच्यात ताक कळकलं. तिसरी काचेची होती आणि तिच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं नाही. चौथीपासून स्टील. उमरग्याच्या एका लेथवाल्याला त्यांनी इतकं पिडलं, की दाजींची छत्री लांबून दिसली की तो दुकानाच्या मागच्या दारानं चहाला जायचा. दाजी बाटल्यांना नंबरानंच ओळखतात. "सातवीनं दगा दिला. आठवी तशी गुणाची हाय, पर गळती," असं ते फोनवर मला सांगायचे, आणि माझ्या छापखान्यात शाई लागलेल्या हातानं मी "हो का, अरेरे" म्हणायचो.

नववी जमली. तिचं तोंड हात जाईल एवढं रुंद होतं. आत कुठं कोपरा नाही, कंगोरा नाही, घाणीला बसायला जागाच नाही. झाकणाला कुकरची रिंग कापून बसवलेली. झाकणाच्या वर एक छोटी कोठी, बरोबर एका घोटाची. बाटली उलटी केली की कोठी भरायची, आणि गोटी सोड्याच्या जुन्या बाटलीतून काढलेली काचेची गोटी घरंगळत येऊन मागची वाट बंद करायची. मग खटका दाबला की तेवढाच घोट बाहेर. आणखी हवा असेल तर बाटली सरळ करा, पुन्हा उलटी करा. सकाळी बाटली भरली की दिवसाचे तीस घोट. लिटरातलं उरलेलं पाणी चहाला, आमटीला आणि गोळ्यांना. झाकण उघडायला पाना लागायचा आणि दुसरा कुठलाही पाना बसू नये म्हणून नट मुद्दाम पाच कोनांचा करून घेतलेला. त्याचा एकुलता एक पाना दाजींच्या खिशात. भाच्याच्या लग्नात ते विहिणीला नमस्कार करायला वाकले, तेव्हा तो तिच्या पायावर पडला होता.

मजबुती तपासायचं प्रकरण आठ दिवस चाललं. नववीला गच्चीवरून टाकलं, म्हशीच्या गोठ्यात ठेवलं, आणि शेवटी ट्रॅक्टरखाली घातलं. ट्रॅक्टर पुढं गेल्यावर ड्रायव्हर खाली उतरला आणि चिंतेनं टायर बघू लागला. मग दाजींनी मला 'वापरणाऱ्यास सूचना' छापायला सांगितल्या. वापरणारी एक, सूचना एकतीस. माझा छापखाना लग्नपत्रिकांचा. त्यामुळं सूचनांच्या वर गणपती आला आणि कडेनं वेलबुट्टी. अक्कानं तो कागद लांब धरून विचारलं, "कुणाचं लगीन हाय रं, बाळ्या?" मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि ती मला बाळ्याच म्हणते. चौदावी सूचना होती, 'बाटलीशी भांडू नये.' एकविसावी होती, 'घोट सांडल्यास बदली घोट मिळेल. पुरावा आवश्यक.' डोस सांडला तर पेशंटला दुसरा द्यायचा, हा दाजींचा दवाखान्यातला न्याय. तो त्यांनी घरात आणला आणि तिथंच सगळं बिघडलं.

कारण बाटली कितीही शहाणी असली तरी प्यायचं वरूनच होतं. अक्काचा हात आता थरथरायचा. कधी घोट तोंडात, कधी हनुवटीवर, कधी पदरावर. "सांडलं," अक्का म्हणायची. दाजी यायचे, पदर हातानं चाचपून बघायचे आणि ओला लागला की बदली घोट मंजूर करायचे आणि पान्यानं झाकण उघडून तो बाटलीत भरायचे. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं. दाजींनी मला फोन करून बाटलीचं कौतुक सांगितलं, अक्काचं विसरले. तिसऱ्या आठवड्यात वजन चढायला लागलं. त्यांनी वजनकाटा बदलला. गोटी बदलली. रिंग बदलली. शेवटी छपाईत काही चूक आहे का, असं मला विचारलं.

त्या रविवारी मी मुरुमला गेलो. दाजी ओसरीत बसून गोटी भिंगातून बघत होते. मी मागच्या अंगणात गेलो, तर अक्का हौदापाशी उभी राहून पदराचं टोक पाण्यात बुडवत होती. बुडवून पिळायची आणि इकडंतिकडं बघायची. मी म्हणालो, "अक्का!" ती दचकली. मग तोंडावर तोच पदर धरून हसायला लागली. "वरडू नगंस. सकाळधरनं पाचदा सांडलंय." मी म्हणालो, "अगं, पाणीच प्यायचंय तर हौद समोर आहे." त्यावर ती एकदम गंभीर झाली. "न्हाय बाबा. त्येनला शबुद दिलाय म्या, बाटलीबाहिरलं थेंबबी घेणार न्हाय म्हणून. शबुद कसा मोडू?" म्हणजे शब्द मोडायचा नाही आणि म्हणून फसवायचं, असं तिचं धर्मशास्त्र होतं. मला हसू आवरेना. "सांगशील त्येनला, तर माजी शपत हाय," ती म्हणाली. "लई तहान लागती रं, बाळ्या. घोटाघोटानं काय हुतंय?"

मी सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. जिनं मला वाढवलं तिच्या तोंडचं पाणी तोडायला माझी जीभ उचलली नाही, हे खरं. पण तिला असं खळखळून हसताना मी कितीतरी महिन्यांनी बघत होतो आणि मला त्यात मजा वाटली, हेही तितकंच खरं आहे. पंधरा दिवसांनी सकाळी दाजींचा फोन आला. अक्काला आडवं होता येत नव्हतं, श्वास पुरत नव्हता. पुन्हा सोलापूर. चार दिवस ती दवाखान्यात होती, आणि दुसऱ्या दिवशी, डॉक्टर अजून काही सांगत नव्हते तेव्हा, बाहेरच्या बाकावर मी दाजींना पदराची गोष्ट सांगितली. सांगताना मला रडू फुटलं. मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. दाजींनी खिशातला पाना काढून तळहातावर ठेवला. मग म्हणाले, "चूक तुमची न्हाय, पाव्हणं. तिचीबी न्हाय. बाटलीची हाय. वरनं प्यायचं म्हणलं की सांडायला जागा ऱ्हाती." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "म्या रोज पदर चाचपत हुतो. ओठ किती वाळलेत ते बगितलं न्हाय."

अक्का घरी आली आणि तीन दिवसांत दहावी बाटली तयार झाली. सगळं नववीसारखंच, पण कोठीला एक तोटी होती. तोंडाला लावायची तोटी. लग्नातला लाडू वरून सोडणाऱ्या माणसानं ती स्वतःच्या हातानं कानसून गुळगुळीत केली, ओठाला लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी बाटली तिच्या हातात देऊन ते ओसरीत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "बगवत न्हाय," म्हणाले. आत अक्कानं चाळीस वर्षांनी भांड्याला तोंड लावलं आणि आतूनच ओरडली, "लई ग्वाड लागतंय हो असं!" दाजी दिवसातून दोनदा ती तोटी उकळायचे, पण वजन जागेवर राहिलं. एकविसावी सूचना त्यांनी पेनानं खोडली.

मग मार्गशीर्षातली अमावस्या आली, म्हणजे आमच्याकडची येळवस. येळवशीला गावात माणूस सापडत नाही, सगळी रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा करायची, आणि मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडकं भरून आंबील. ज्वारीचं पीठ, ताक आणि वरून लसूण. त्या दिवशी ते वाटीनं कुणी पीत नाही, तांब्यानं पितात. अक्कानं आठ दिवस आधीच जाहीर केलं, "म्या काई मागत न्हाय. येळवशीला आंबील पेणार." दाजींनी दोन दिवस हिशोब केला, त्या दिवसाचं पाणी कापलं आणि तिच्यापुरतं अळणी आंबील एका गाडग्यात वेगळं करायला लावलं. सकाळी घरीच त्यातलं दहावीत भरलं, पान्यानं आवळलं, आणि उरलेलं गाडगं बरोबर घेऊन आम्ही रानात गेलो.

पूजा झाली. भावकी पंगतीत बसली. अक्कानं बाटली उलटी केली, खटका दाबला आणि तोटी तोंडाला लावली. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. दाजींनी बाटली कानाशी धरून हलवली आणि त्यांचा चेहरा उतरला. गोटी पाण्यासाठी होती. ज्वारीच्या पिठात आणि लसणात ती घट्ट रुतून बसली होती. "उघडा की मग," कुणीतरी म्हणालं. दाजींनी खिशात हात घातला. येळवशीचा म्हणून नवा सदरा घातलेला. पाना जुन्या सदऱ्यात, जुना सदरा घरी खुंटीवर, आणि घर पाच किलोमीटरवर.

त्यानंतर अर्धा तास भावकीनं जे केलं ते मी विसरणार नाही. एकानं ट्रॅक्टरचे सगळे पाने आणून लावून बघितले. पाच कोनांच्या नटापुढं एकही चालला नाही. एकानं खुरप्याचं टोक घातलं, खुरपं वाकलं. एका तरण्या पुतण्यानं बाटली खडकावर आपटली, तर खडकाचा टवका उडाला. "काय केलंय हो काका हे, रणगाडा?" तो म्हणाला. दाजींना अभिमानानं हसावं की रडावं ते समजेना. ते प्रत्येकाला "हळू रं, आतलं वायसर जाईल" असं सांगत मागं मागं धावत होते. अक्का कोपीला टेकून हसत होती. हसता हसता तिला धाप लागली. ती छातीवर हात ठेवून खाली बसली.

दाजींनी बाटली तिथंच मातीत टाकली आणि तिच्यासमोर येऊन बसले. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी एक वाटी मागून घेतली, ते अळणी आंबिलाचं गाडगं कलतं केलं आणि सरळ केलं. पट्टी नाही, खाच नाही, नुसता पस्तीस वर्षांचा हात. "पाच घोट हायत," ते म्हणाले. "जास्त न्हाय." दाजींनी वाटी स्वतः धरली आणि तिच्या ओठाला लावली. ती एकेक घोट तोंडात धरून प्याली. चार झाले. पाचव्याला तिनं वाटी हातानं मागं सारली आणि म्हणाली, "आता तुमी."

लाडूची गोष्ट सांगणाऱ्या सगळ्या बायका तिथं होत्या. दाजींनी वाटीकडं बघितलं. कडेला अक्काच्या ओठाचं आंबील लागलेलं होतं. मला वाटलं, आता ते वाटी वर धरतील, मान मागं टाकतील. त्यांनी ती तोंडाला लावली, त्याच कडेला, आणि प्याले. "लई अळणी हाय गं," ते म्हणाले. "वरीसभर असंच हाय," अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात दोघांची आमटी एकाच पातेल्यात होते, बिनमिठाची. मी जेवायला गेलो की मीठ खिशातून नेतो.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. दहावी बाटली घरी आल्यावर उघडली, उकळली, आणि ती अजून चालू आहे. खडकाचा तिला ओरखडा नाही. अक्काचं मात्र तसं नाही. डॉक्टरांनी लिटराचा पाऊण लिटर केलाय आणि तीस घोटांचे बावीस झालेत. आकडा कुठल्या बाजूला चाललाय ते आम्हा तिघांनाही कळतं. परवा गेलो होतो. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली होती. अक्कानं एकविसावा घोट घेतला आणि बाटली दाजींच्या हातात दिली. रोज देते म्हणे. दाजींनी बाटली उलटी केली, खटका दाबला आणि तोटी तोंडाला लावली, न धुता, न पुसता. बेचाळीस वर्षांची उधारी होती, मी सोडतो कशाला? "दाजी, उष्टं हाय ते!" म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "डोस हाय, पाव्हणं. चुकवायचा नसतो."

अक्कानं ओठावरून पदर फिरवला, कोरडा, आणि 'हाऽऽ' म्हणाली. हल्ली तो शेजारच्या घरात ऐकू जात नाही. मी जरा सरकून तिच्याजवळ बसलो.